डिस्कोर्स चढलं, पण ॲक्टिव्हेशनची मेल येत नाही: इन्स्टॉलेशनचा योग्य क्रम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दर हंगामात तेच प्रश्न पुन्हा येतात: डाऊनी रोगावर काय मारलं, भुरी कशी आवरली, गोडी छाटणीनंतर पाणी किती सोडायचं. जाणत्या माणसांनी मन लावून लिहिलेली उत्तरं दोन दिवसांत वर सरकून दिसेनाशी होतात. म्हणून तुम्ही २ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला, त्यावर उबुंटू या लिनक्सवर डिस्कोर्स हे चर्चामंचाचं सॉफ्टवेअर चढवलं, नोंदणीचं पान उघडतंय, पण ॲडमिन खात्याची ॲक्टिव्हेशन मेल काही येत नाही. दोनदा सगळं पुसून नव्यानं केलंत, तरी तेच. आता विचारताय, की हे सोडून पीएचपीबीबी या चर्चामंचाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जावं का.

सोडू नका. तुमचं सॉफ्टवेअर नीट बसलेलं आहे. नोंदणीचं पान दिसतंय याचा अर्थ डॉकर (डिस्कोर्सला कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर), डेटाबेस, वेब सर्व्हर, डोमेन, सगळं आपापल्या जागी आहे. अडलंय ते मेलवर. आणि मेलची दुरुस्ती डिस्कोर्स पुन्हापुन्हा चढवून कधीच होत नाही, कारण ती अडचण बहुतेक वेळा डिस्कोर्सच्या बाहेर असते. म्हणून माझा क्रम नेहमी एकच असतो: आधी डोमेन, मग मेल, मेल जाते हे डोळ्यांनी पाहिल्यावर सॉफ्टवेअर, त्यानंतर बॅकअप उतरवून बघायचा, आणि मगच लोकांना आमंत्रण. बहुतेक व्हिडिओंमध्ये सॉफ्टवेअर पहिल्या पाच मिनिटांत येतं आणि मेल शेवटी "तुमच्या प्रोव्हायडरची माहिती भरा" एवढ्या एका वाक्यात उरकतात. खरं काम त्या वाक्यात आहे.

आता आत काय घडतं ते बघा. तुम्ही नोंदणी केलीत की डिस्कोर्स स्वतः मेल टाकत नाही. ते एक काम रांगेत लावतं. साइडकिक नावाची मागे चालणारी प्रक्रिया ते काम उचलते, तुम्ही दिलेल्या एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवणाऱ्या, सर्व्हरशी बोलते, तिथे लॉगिन करते आणि पत्र सोपवते. तो सर्व्हर मग जीमेलच्या दारात जातो. म्हणजे पत्र तीन ठिकाणी अडू शकतं: तुमच्या व्हीपीएसमधून बाहेर पडताना, एसएमटीपी सर्व्हरच्या लॉगिनला, किंवा जीमेलच्या दारात. तिन्ही ठिकाणचं औषध वेगळं, त्यामुळे आधी निदान.

पहिलं ठिकाण म्हणजे पोर्ट, सर्व्हरमधून ये-जा करायची क्रमांक दिलेली वाट. स्पॅम आवरण्यासाठी बरेच क्लाउडवाले बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवतात. गूगल क्लाउड, ॲमेझॉन, डिजिटलओशन यांच्याकडे साध्या खात्यात ही परिस्थिती असते. तुम्ही सेटअपमध्ये पोर्ट २५ दिलं असेल तर पत्र बाहेरच पडत नाही, नुसतं वाट बघत बसतं आणि टाइमआऊट होतं. ५८७ वापरा. काही ठिकाणी ५८७ सुद्धा अडवतात, तेव्हा बरेच मेल प्रोव्हायडर २५२५ हा पर्यायी पोर्ट देतात. व्हीपीएसवर एसएसएच करून (म्हणजे दुरून सुरक्षितपणे आत शिरून) नेटकॅट या जोडणी तपासणाऱ्या कमांडनं त्या मेल सर्व्हरच्या ५८७ वर नुसतं जोडून बघा. जोडणी लगेच झाली तर वाट मोकळी आहे, कर्सर नुसताच लुकलुकत राहिला तर पोर्ट बंद आहे. एका मिनिटाचं काम आहे, पण ते केल्याशिवाय पुढचं काही शोधण्यात अर्थ नाही. ४६५ वापरणार असाल तर लक्षात ठेवा, की त्यावर टीएलएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, पहिल्या क्षणापासून सुरू असतं. डिस्कोर्समध्ये त्यासाठी फोर्स टीएलएसची वेगळी ओळ द्यावी लागते. म्हणून ५८७ सोपं.

स्वतःचाच मेल सर्व्हर त्याच व्हीपीएसवर उभारायचा मोह होईल. करू नका. नव्या आयपी पत्त्यावरून आलेल्या पत्रांवर जीमेल विश्वास ठेवत नाही, आणि तो विश्वास कमवायला लागणारा वेळ तुमच्याकडे नाही. व्यवहाराच्या मेल पाठवणारी एखादी सेवा घ्या, तुमच्या आकाराच्या समूहाला ती परवडते. फक्त तिची दिवसाची मर्यादा आधी तपासा. डिस्कोर्स बरेच दिवस न फिरकलेल्या सदस्यांना आपणहून सारांशाची मेल पाठवत असतं. चारशे लोक एकाच आठवड्यात आले आणि निम्मे फिरकले नाहीत तर त्या सारांशांतच मर्यादा संपेल आणि पासवर्ड बदलण्याच्या मेल अडकून पडतील. सुरुवातीचे काही महिने हा सारांश ॲडमिन सेटिंगमधून बंद ठेवा.

दुसरं ठिकाण लॉगिन, आणि इथे एक बारीक खोच आहे, जी मी वारंवार पाहतो. सेटअपची स्क्रिप्ट तुमची सगळी उत्तरं कंटेनर्स फोल्डरातल्या ॲप डॉट वायएमएल या फाइलमध्ये लिहिते. वायएमएल या फाइलप्रकारात हॅशचं (#) चिन्ह आलं की पुढचा मजकूर टिपण समजून सोडून दिला जाऊ शकतो. मेल सेवेनं दिलेल्या लांबलचक पासवर्डमध्ये हॅश असेल तर फाइलमध्ये पासवर्ड पूर्ण दिसतो, पण डिस्कोर्सपर्यंत अर्धाच पोचतो. फाइलमध्ये याची सूचना लिहिलेली आहे, पण घाईत ती कुणी वाचत नाही. पासवर्ड अवतरणचिन्हांत घाला, किंवा सेवेकडून हॅश नसलेला नवा पासवर्ड बनवून घ्या. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. त्याच फाइलमध्ये आणखी एक शिस्त पाळावी लागते: ओळी आत सरकवायला टॅब वापरायचा नाही, स्पेसच वापरायच्या, आणि शेजारच्या ओळी जिथून सुरू होतात तिथूनच सुरू करायचं. ओळीच्या सुरुवातीला राहिलेलं हॅशसुद्धा बघा. एसएमटीपीच्या काही ओळी मुळात हॅश लावून बंद ठेवलेल्या असतात. आपण त्यात पत्ता भरतो आणि हॅश काढायचं राहतं.

ही फाइल बदलून नुसती सेव्ह केल्यानं काही होत नाही. लाँचर नावाच्या स्क्रिप्टला रीबिल्ड करायला सांगावं लागतं. तुमच्या २ जीबीच्या सर्व्हरवर त्याला दहाएक मिनिटं लागतील, तेवढा वेळ साइट बंद राहील. तुमच्या प्रश्नावरून वाटतं, की तुम्ही फाइल सुधारलीत, पण रीबिल्ड न करता सर्व्हर रीस्टार्ट केलात. तसं असेल तर जुनीच माहिती घेऊन डिस्कोर्स चालू आहे.

तिसरं ठिकाण जीमेलचं दार. तिथे तुमच्या डोमेनची कागदपत्रं तपासली जातात. एसपीएफ रेकॉर्ड सांगतो, की या डोमेनच्या नावानं पत्र पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे. डीकिम ही प्रत्येक पत्रावरची सही असते. आणि डीमार्क सांगतो, की या दोन्हींत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं हे कडक केलंय: पाठवणारा लहान असला तरी एसपीएफ किंवा डीकिम पाहिजेच, आणि दिवसाला ५,००० च्या वर पत्रं पाठवणाऱ्याला तिन्ही पाहिजेत. तुम्ही लहान आहात, तरी तिन्ही लावा. मेल सेवा तुम्हाला हे रेकॉर्ड तयार करून देते, तुम्ही ते डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, चिकटवायचे.

इथे होणारी ठरलेली चूक म्हणजे दोन एसपीएफ रेकॉर्ड. तुमच्या डोमेनवर आधीपासून ऑफिसची मेल असेल, तर तिचा एक एसपीएफ रेकॉर्ड असतोच. नव्या सेवेनं दिलेला दुसरा त्याच्या शेजारी टाकला की नियमानुसार दोन्ही बाद होतात आणि ऑफिसची चालू मेलसुद्धा स्पॅममध्ये जाऊ लागते. एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच. नव्या सेवेचा इनक्लूडचा भाग जुन्याच ओळीत, शेवटच्या ऑलच्या आधी घालायचा.

दुसरी गडबड पाठवणाऱ्याच्या पत्त्यात होते. तुमची साइट सबडोमेनवर आहे आणि मेल सेवेकडे तुम्ही मुख्य डोमेन तपासून घेतलंय, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. काही न सांगितल्यास डिस्कोर्स साइटच्या पूर्ण नावानं, म्हणजे सबडोमेनच्या नो-रिप्लाय पत्त्यावरून पत्र पाठवतं. मेल सेवा म्हणते, हे नाव आमच्याकडे तपासलेलं नाही, आणि पत्र नाकारते. ॲप डॉट वायएमएलमध्ये नोटिफिकेशन ईमेलची ओळ आहे, तिथे तपासलेल्या डोमेनचा पत्ता द्या. माझी पैज बरीचशी याच्यावर आहे.

अंदाज करत बसण्यापेक्षा लॉगच वाचा. डिस्कोर्ससोबतच डिस्कोर्स-डॉक्टर नावाची स्क्रिप्ट येते. ती चालवलीत की सर्व्हरची माहिती, डिस्क, डोमेन सगळं तपासते आणि शेवटी विचारते, की चाचणीची मेल कुठे पाठवू. ती मेल अयशस्वी झाली तर कारण समोर येतं. ओपन टाइमआऊट दिसलं तर पोर्ट. उत्तरात ५३५ हा आकडा असेल तर युजरनेम किंवा पासवर्ड. ५५० किंवा ५५३ असेल तर बहुधा पाठवणाऱ्याचा पत्ता. आणि सगळं यशस्वी म्हणून मेल दिसत नसेल तर मेल सेवेच्या डॅशबोर्डवर जाऊन त्या पत्राचं काय झालं ते बघा, मग स्पॅम फोल्डर. या चार वाटांच्या पलीकडचं कारण क्वचितच निघतं.

मेल दुरुस्त होईपर्यंत काम थांबवायची गरज नाही. लाँचरनं कंटेनरच्या आत शिरा आणि रेक या आतल्या कमांडला ॲडमिन तयार करायला सांगा. ते ईमेल आणि पासवर्ड विचारतं, ॲडमिन करू का असं विचारतं, झालं. या मार्गानं आत जाऊन तुम्ही विभाग, भाषा, लोगो लावू शकता. फक्त एवढ्यावर समाधान मानून लोकांना बोलावू नका. ॲडमिनला आत जाता आलं म्हणजे मेल दुरुस्त झाली असं नाही.

मेल दुरुस्त झाल्यावरही बागायतदारांच्या बाबतीत एक अडचण उरते: त्यातले बरेच जण मेल उघडतच नाहीत. मोबाइलवर जीमेलचं खातं असतं, कारण त्याशिवाय अँड्रॉइडवर ॲप उतरत नाहीत, पण आतली पत्रं कुणी बघत नाही. ॲक्टिव्हेशनच्या लिंकसाठी त्यांना इनबॉक्समध्ये पाठवलंत तर निम्मे तिथेच गळतील. म्हणून गूगल लॉगिन सुरू करा. बटण दाबलं, खातं निवडलं, आत आला. ईमेल गूगलनं आधीच खरी ठरवलेली असल्यामुळे ॲक्टिव्हेशनची पायरी लागत नाही. त्यासाठी गूगल क्लाउडच्या कन्सोलवर एक ओऑथ क्लायंट (गूगल लॉगिनसाठी तुमच्या साइटची नोंद) बनवून त्याचा आयडी आणि गुपित डिस्कोर्सच्या लॉगिन सेटिंगमध्ये टाकायचं. कॉलबॅकचा, म्हणजे लॉगिननंतर गूगलनं परत पाठवायचा, पत्ता अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस एवढा फरकही चालत नाही. आणि ते ॲप टेस्टिंग अवस्थेतून प्रॉडक्शनमध्ये आणायला विसरू नका, नाहीतर तुम्ही यादीत घातलेल्या खात्यांनाच प्रवेश मिळेल आणि "माझं होतंय, त्याचं का होत नाही" यात दिवस जाईल. मग डिस्कोर्सची आमंत्रणाची लिंक काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. साइट होम स्क्रीनवर ठेवता येते, तिथून नोटिफिकेशनही येतात, त्यामुळे वेगळं ॲप बनवायचा खर्च नाही.

आता पीएचपीबीबीचं. ते २००० सालापासून चालत आलेलं, पीएचपी आणि मारियाडीबीवर धावणारं दणकट सॉफ्टवेअर आहे आणि मला त्याच्याबद्दल आदर आहे. तुमच्याकडे साधं शेअर्ड होस्टिंग असतं, एसएसएच नसतं आणि लिनक्स सांभाळणारं कुणी नसतं, तर मी तेच सुचवलं असतं. फाइल चढवायच्या, ब्राउझरमधून इन्स्टॉलर चालवायचा, कॅश, फाइल्स, स्टोअर आणि अवतारांचं अपलोड फोल्डर एवढ्यांनाच वेब सर्व्हरला लिहायची परवानगी द्यायची, शेवटी इन्स्टॉल फोल्डर काढून टाकायचं. ते फोल्डर असेपर्यंत सामान्य सदस्यांना साइट बंदच दिसते, आणि ते योग्यच आहे. सगळ्या फोल्डरना ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊन मोकळं होण्याचा सल्ला कुठे दिसला तर तो मानू नका. पण तिथेही मेल लागतेच. पासवर्ड विसरलेल्याला दुसरी वाट काय? म्हणजे तुमची आजची अडचण तुमच्यासोबत तिकडेही येईल. शिवाय तुमचे सगळे सदस्य मोबाइलवर आहेत. उत्तर आलं की फोनवर सूचना वाजणं, पान न बदलता खाली सरकत जाणं, फोटो सहज चढणं, या बाबतीत डिस्कोर्स पुष्कळ पुढे आहे. २ जीबी रॅम हातात असताना मी डिस्कोर्सच घेईन. फ्लॅरम हे चर्चामंचाचं तिसरं सॉफ्टवेअर हलकं आणि देखणं आहे, पण त्यात बऱ्याच गरजेच्या गोष्टी एक्स्टेन्शनवर सोडलेल्या आहेत, आणि त्या अपडेटच्या वेळी एकमेकींत अडकतात.

पुसून नव्यानं करायचंच ठरवलंत, तर सर्व्हर कोरा घ्या. उबुंटूची एलटीएस आवृत्ती, वर कुठलंही कंट्रोल पॅनल नको, अपाची नको, एनजिनएक्स नको. डिस्कोर्सला ८० आणि ४४३ ही दोन्ही पोर्ट स्वतःसाठी लागतात. उबुंटू सर्व्हरच्या इन्स्टॉलरमध्ये स्नॅप या उबुंटूच्या पॅकेज-पद्धतीतून डॉकर घेण्याची सोय असते, ती टाळा. स्नॅपच्या डॉकरला फाइलींच्या जागांवर बंधनं असतात आणि डिस्कोर्सचा लाँचर त्यावर अडखळतो. डॉकर त्याच्या अधिकृत स्क्रिप्टनं घ्या. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नसेल तर सेटअप स्वतःच तयार करून देऊ का असं विचारतं. हो म्हणा. रीबिल्डच्या वेळी जावास्क्रिप्ट आणि स्टाइलशीट तयार होताना रॅम भरते आणि स्वॅप नसेल तर लिनक्स ती प्रक्रियाच मारून टाकतो. पडद्यावर मात्र नुसतं "फेल्ड" दिसतं. डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर सुरुवातीला त्यांची प्रॉक्सी बंद ठेवून साधा ए रेकॉर्ड द्या.

लेट्स एनक्रिप्टचं प्रमाणपत्र डिस्कोर्स आपणहून घेतं आणि ९० दिवस संपायच्या आत नवीन करून घेतं. पण एकाच नावासाठी आठवड्याला पाचच प्रमाणपत्रं मिळतात. तुम्ही सर्व्हर दोनदा पुसलात, म्हणजे त्यातली काही खर्च झाली. आणखी पुसत राहिलात तर मर्यादा संपेल, साइटला कुलूप दिसणार नाही आणि एक नवीनच कोडं समोर येईल. पुसणं थांबवा म्हणतोय त्याचं हेही एक कारण.

कंटेनरबद्दल एक गोष्ट मनाशी पक्की करा. रीबिल्ड केलं की जुना कंटेनर फेकून नवा बनतो. आत शिरून हातानं केलेला प्रत्येक बदल त्याच्याबरोबर जातो. टिकतं ते फक्त शेअर्ड फोल्डरमधलं: डेटाबेस, अपलोड केलेले फोटो, बॅकअप, लॉग. म्हणून आत जाऊन कोड बदलायचा नाही. जे हवं ते ॲडमिन सेटिंगमध्ये, थीममध्ये किंवा ॲप डॉट वायएमएलमध्ये. हे एकदा कळलं की रीबिल्डची भीती जाते.

मराठी समूहासाठी काही गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवाव्या लागतात. विषयाच्या मथळ्यावरून डिस्कोर्स लिंकमध्ये एक लहान नाव बनवतं. मूळ सेटिंग रोमन अक्षरांपुरतं असल्यामुळे मराठी मथळ्याच्या जागी नुसतं "टॉपिक" आणि पुढे क्रमांक येतो. ते बदलून एनकोडेड केलंत तर ब्राउझरच्या पट्टीत मथळा मराठीत दिसतो, छान वाटतं. पण तीच लिंक व्हॉट्सॲपवर चिकटवली की काय होतं बघा. "द्राक्ष" या शब्दात संगणकाच्या हिशोबानं सात चिन्हं आहेत: द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष. प्रत्येकाला यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात तीन बाइट लागतात, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका शब्दाला ६३ अक्षरं. सहा शब्दांच्या मथळ्याची लिंक पाच-सहा ओळींची होते, आणि अशी लिंक पाहून लोक ती स्पॅम समजतात. तुमचे सगळे सदस्य व्हॉट्सॲपवरून येणार आहेत, तेव्हा मूळ सेटिंगच ठेवा. लिंक आखूड राहते आणि कुठेही तुटत नाही. सदस्यनावांचंही तसंच: यूनिकोड सदस्यनावं चालू करता येतात, पण ॲट लावून एखाद्याला हाक मारताना कीबोर्ड बदलत बसावं लागतं. सदस्यनाव रोमनमध्ये आणि पूर्ण नाव मराठीत, हे व्यवहारात बरं पडतं.

शोध हा तर तुमच्या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. गेल्या वर्षीचं उत्तर सापडलं पाहिजे म्हणूनच हे चाललंय. डिस्कोर्सचा शोध पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतो. पोस्टग्रेसमध्ये हिंदी, नेपाळी, तमिळ यांच्या शब्दांचे प्रत्यय ओळखून मूळ शब्दापर्यंत जाण्याची सोय आहे, मराठीची नाही. शब्दाची सुरुवात जुळली तर निभावतं, म्हणजे "छाटणी" शोधलं तर "छाटणीनंतर" सापडतं. पण मराठीत प्रत्यय लागताना मूळ शब्दच वळतो. "पाणी" शोधणाऱ्याला "पाण्याचा ताण" सापडत नाही, "फवारणी" शोधणाऱ्याला "फवारण्या" सापडत नाहीत. शिवाय एकच रोग कुणी डाऊनी लिहितो, कुणी केवडा, कुणी रोमनमध्ये. यावर उपाय टॅगचा. छाटणी, पाणी, खत, डाऊनी, भुरी, निर्यात, अशी पंधरा-वीस टॅगची ठरीव यादी करा, नवा टॅग बनवायचा अधिकार फक्त दोन-तीन जाणत्या सदस्यांना द्या, आणि प्रत्येक विषयाला किमान एक टॅग सक्तीचा करा. समानार्थी टॅग एकमेकांना जोडायची सोय डिस्कोर्समध्ये आहे, त्यामुळे केवडा लिहिलं तरी विषय डाऊनीतच जाईल. हे काम लोक यायच्या आधी केलंत तर एका संध्याकाळीत होतं. हजार विषय झाल्यावर करायला घेतलंत तर कुणीच करत नाही.

बॅकअप डिस्कोर्स ठरल्या वेळी आपणहून घेतं, पण तो त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवतं. सर्व्हर गेला की बॅकअपही गेला. ॲमेझॉनच्या एस३ सारख्या बाहेरच्या साठवणीत तो पाठवायची सेटिंग आहे, ती पहिल्या आठवड्यातच लावा. आणि ॲप डॉट वायएमएल त्या बॅकअपमध्ये नसते. तिची प्रत वेगळी, सुरक्षित जागी ठेवा, तिच्यात मेलचा पासवर्ड आहे हे लक्षात ठेवून. मग एका दिवसाच्या भाड्यानं दुसरा लहान सर्व्हर घ्या, त्यावर कोरं डिस्कोर्स चढवा, ॲडमिनमध्ये रीस्टोअरची परवानगी चालू करा आणि तुमचा बॅकअप त्यावर उतरवा. फोटो दिसतात का, जुने सदस्य आहेत का, मराठी अक्षरं शाबूत आहेत का, ते बघा. उतरवल्यावर डिस्कोर्स सामान्य सदस्यांना जाणाऱ्या मेल आपणहून बंद करतं, जेणेकरून चाचणीच्या सर्व्हरवरून लोकांना पत्रं जाऊ नयेत. खरंच स्थलांतर कराल तेव्हा ते सेटिंग परत चालू करावं लागतं, नाहीतर तुम्ही पुन्हा "मेल येत नाही" इथे येऊन पोचाल. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप धरत नाही. त्यात चारशे माणसांचा अनुभव आहे.

अपडेट टाळू नका. डिसेंबर २००४ मध्ये सँटी नावाचा किडा पीएचपीबीबीच्या साइटींवर पसरला होता. तो गूगलवर शोधून शोधून जुनी आवृत्ती चालवणाऱ्या साइट गाठायचा आणि त्यांच्या फाइलींवर आपला मजकूर लिहायचा. ज्या खिडकीतून तो शिरायचा, ती बंद करणारी २.०.११ ही आवृत्ती आधीच्या महिन्यातच आली होती. सॉफ्टवेअर कुठलंही असो, धोका असाच येतो. डिस्कोर्समध्ये बरेच अपडेट ॲडमिनच्या पानावरूनच होतात, मधूनमधून रीबिल्ड लागतं. डिस्कवर लक्ष ठेवा: प्रत्येक रीबिल्डमागे डॉकरच्या जुन्या प्रतिमा साठत जातात, त्या लाँचरच्या क्लीनअपनं काढता येतात. आणि पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलते तेव्हा डेटाबेसची दुसरी प्रत मावेल इतकी मोकळी जागा लागते. त्या दिवशी डिस्क भरलेली असली तर अर्ध्यात अडकाल. अपडेट रात्री उशिरा करा, पण फवारणीच्या ऐन दिवसांत नको, आणि त्याआधी ताजा बॅकअप घेऊन.

सर्व्हरच्या सुरक्षेचं फार नाही. एसएसएच पासवर्डनं बंद, फक्त कीनं चालू. उबुंटूचे सुरक्षा अपडेट आपोआप लागू द्या. यूएफडब्ल्यू ही उबुंटूची फायरवॉल लावलीत तरी डॉकरनं उघडलेली पोर्ट तिला न जुमानता उघडी राहतात, तेव्हा फायरवॉल आहे म्हणून त्याच सर्व्हरवर दुसरी काही सेवा डॉकरमध्ये निर्धास्तपणे चालवू नका. आणि सर्व्हर, डोमेन, मेल सेवा या तिन्हींच्या खात्यांची चावी तुमच्याखेरीज आणखी एका विश्वासू माणसाकडे असू द्या.

तर आत्ता एवढं करा. पोर्ट तपासा. ॲप डॉट वायएमएलमध्ये नोटिफिकेशन ईमेलचा पत्ता आणि पासवर्डमधलं हॅश बघा, दुरुस्त करून रीबिल्ड करा, मग डिस्कोर्स-डॉक्टरची चाचणी मेल जीमेलच्या एका आणि दुसऱ्या कुठल्या तरी सेवेच्या एका पत्त्यावर पाठवा. जीमेलमध्ये पत्र आल्यावर त्याच्या मेन्यूतलं "शो ओरिजिनल" उघडा. तिथे एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे पास दिसलं पाहिजे. तरीही अडलं, तर डॉक्टरच्या निकालातला मेलचा भाग आणि प्रॉडक्शन लॉगच्या शेवटच्या पंचवीस-तीस ओळी पाठवा. पासवर्ड आणि सदस्यांचे पत्ते झाकून, बाकी अक्षरं जशीच्या तशी. स्क्रीनशॉट नको, मजकूरच पाठवा, म्हणजे त्यात शोधता येतं.